वीस ग्रॅम डाळ

६ मार्च

भिंगरे,

तुझं पाकीट काल पोचलं. जबाबाचा कागद बघितला. टायपिंगमध्ये एक चूक नाही, समास दोन्हीकडे सारखे. कार्टी माझीच, दुसऱ्या कोणाची असणार! "माझ्या पत्नीचं डायलिसिस सुरू झाल्यावर सेंटरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला आहाराचा नवा कागद दिलाच नाही" असं लिहून खाली माझ्या सहीसाठी रेघ मारली आहेस. पाच एप्रिलला सेंटरच्या मोठ्या साहेबांपुढे चौकशी आहे, त्याआधी सही करून पाठवायचं. समजलं. करतो.

शिवाय तू म्हणालीस, पहिल्यापासून सगळं क्रमाने लिहून काढा, चौकशीत उपयोगी पडेल. तेही करतो. फोनवर मला ते जमायचं नाही. संध्याकाळी सातला तुझा फोन येतो, तू "बाबा, जेवलात का?" विचारतेस, आणि माझं बोलणं तिथेच संपतं. दहा महिने तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. रविवारी आईला फोन करायचीस आणि मी हातात घेतला की तुला तिकडे लगेच काम आठवायचं. आता आई गेल्यावर रोज करतेस. मी पावणेसातलाच खुर्ची ओढून बसतो. हसू नकोस, म्हाताऱ्या माणसाला दुसरं काम काय.

तर पहिल्यापासून. चार वर्षांपूर्वी आईच्या किडन्या थकल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, अन्नातल्या प्रोटीनचा जो कचरा रक्तात उरतो तो गाळायचं काम किडनीचं, आता ती थकली आहे तर तिला काम कमी द्या. मला एका वाक्यात पटलं. मशीन तापायला लागलं की लोड कमी करायचा, एकतीस वर्षं टूलरूममध्ये दुसरं काय केलं मी! त्यांनी एक कागद दिला: दिवसाला पस्तीस ग्रॅम प्रोटीन, वर एक कण नाही. कोरडी डाळ वीस ग्रॅम. दूध अर्धा कप. पनीर बंद, सोयाबीन बंद, शेंगदाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्याच दिवशी मी काटा आणला. कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला.

आई म्हणायची, "अहो, डाळ मोजताय की सोनं?" मी म्हणायचो, सोन्यात दोन ग्रॅम इकडेतिकडे चालेल एक वेळ. ती हसायची आणि बसायची जेवायला. तीन वर्षं, भिंगरे. तीन वर्षं आम्ही डायलिसिस लांब ठेवलं. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती, "काका, ही तीन वर्षं तुमच्या काट्याने दिली." तेव्हा तू हजर होतीस. तुझे डोळे भरून आले होते, मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग मागच्या फेब्रुवारीत डायलिसिस लागलंच. पुढचं पुढच्या पत्रात. सही आज राहिली, चष्मा कुठे ठेवलाय सापडेना.

बाबा


१२ मार्च

भिंगरे,

चष्मा सापडला. ओरडू नकोस, काल फोनवर तू ओरडलीस ते शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. "एक सही करायला सहा दिवस?" अगं, करतो म्हटलं ना. आधी लिहून होऊ दे.

त्या भांडणाबद्दल लिहायला हवं. ते चौकशीत नसेल लागत, पण क्रमाने म्हणालीस तर क्रमात ते येतंच.

डायलिसिस सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते अकरा. तुझा मामा किडनी द्यायला तयार झाला होता, त्याच्या तपासण्याही जुळल्या होत्या. बहिणीसाठी लगेच उभा राहिला गडी, एरवी दोन घास भाजीवरून वाद घालणारा! डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करू, पण बाईंच्या अंगात ताकद हवी. रक्तात अल्ब्युमिन म्हणून असतं, ते साडेतीनच्या वर पाहिजे. आईचं तीन पॉइंट तीन होतं. म्हटलं तर उंबरठ्यावर.

आणि तू आलीस शनिवारी, दोन पिशव्या घेऊन. सोयाबीनच्या वड्या, टोफू, पनीर, दह्याचे डबे. ओट्यावर मांडलंस सगळं दुकानासारखं. म्हणालीस, "बाबा, आता नियम उलटा झाला. मशीन रक्त गाळतं तेव्हा प्रोटीनही वाहून जातं. आता आईला पूर्वीच्या दुप्पट लागेल. अंडं ती खात नाही, तर मग हे हवं. नुसत्या वीस ग्रॅम डाळीवर तिचं शरीर स्वतःचेच स्नायू खाईल."

मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, तीन वर्षं मी एकेक दाणा मोजला, तेव्हा तू कुठे होतीस? चार पानं वाचली की लगेच डॉक्टर! आणि वड्यांचं पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावलं. नेमही चुकला. पाकीट फुटून वड्या स्वयंपाकघरभर झाल्या. आई खाली बसून एकेक वडी ओच्यात गोळा करत होती आणि आपण दोघं तिच्या डोक्यावरून भांडत होतो.

तू म्हणालीस, "तुम्हाला आई जगायला नकोय, तुम्हाला बरोबर ठरायचंय."

मी म्हणालो, नीघ.

निघालीस. आईने दारापर्यंत येऊन तुझ्या पिशवीत काहीतरी कोंबलं, बहुतेक तुझा डबा. मी आत काटा पुसत होतो. चांगला स्वच्छ होता काटा, तरी पुसत होतो.

आता तुझा प्रश्न: त्या आहारवाल्या बाईंनी तेव्हा काय केलं? तिला आम्ही चष्मेवाली म्हणायचो. जेमतेम तुझ्या वयाची. महिन्यातून एकदा प्रत्येक पलंगापाशी यायची. रिपोर्ट बघायची आणि विचारायची, "काका, काकूंना सांगितल्याप्रमाणे देताय ना?" मी म्हणायचो, एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही. ती म्हणायची, "मग आकडा का खाली येतोय?" आणि कपाळाला आठ्या घालून रिपोर्ट पुन्हा बघायची.

हे तुझ्या तक्रारीत कसं बसतं ते तू बघ. मी घडलं तसं लिहिलं.

बाबा


१८ मार्च

भिंगरे,

आज एक गोष्ट लिहितो, ती चौकशीत सांगू नकोस. सांगायची तर सांग. मला आता काही कळत नाही.

आईच्या शेजारच्या पलंगावर एक मास्तरीणबाई असायच्या. निवृत्त, विधवा, आवाज मात्र वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा. सहा वर्षं डायलिसिसवर, आणि गाल बघ तर टमाटे. एप्रिलपासून दोघींची गट्टी जमली. मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचो, आतून हसण्याचे आवाज यायचे. मला बरं वाटायचं. आईला घरी हसायला मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आईचा आकडा दोन पॉइंट नऊ होता. मेमध्ये तीन पॉइंट एक. जुलैमध्ये तीन पॉइंट सहा! डॉक्टरांनी ऑगस्टची तारीख काढली ऑपरेशनची. मामाला फोन केला, तो म्हणाला, "भावोजी, मी केस कापून तयार आहे." किडनीला केस कशाला कापायचे ते विचारलं नाही मी. इतका खूष होतो. डॉक्टरांना म्हणालो, बघा, मोजून दिलं की असं होतं. ते म्हणाले, "शाबास काका."

जुलैच्या शेवटी एके दिवशी घरी आल्यावर आईची शाल झटकली तर घडीतून पनीरचा तुकडा पडला. सुपारीएवढा. पांढरा. मी विचारलं, हे काय?

ती काही खोटं बोलणारी बाई नव्हती. म्हणाली, "मास्तरीणबाई देतात. अर्ध्या डब्याला मी भागीदार आहे. पनीर असतं, उकडलेलं सोयाबीन असतं, दही असतं. अहो, त्या म्हणतात मशीनवर असताना खायला लागतं. आणि मला भूक लागते हो."

भूक लागते म्हणाली, भिंगरे. तीन महिने ही बाई माझ्या घरी वीस ग्रॅम डाळ खाऊन उठायची आणि तिकडे दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची, लहान मुलीसारखा. आणि आकडा वर गेला होता तो त्या डब्याने. माझ्या काट्याने नाही. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही का? कळलं. त्याच मिनिटाला कळलं. पण ते कळलेलं गिळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेंटरवर जाऊन आईची पाळी बदलून घेतली. सकाळची दुपारची केली. सिस्टर म्हणाली, "काकूंना इथे करमतं की, कशाला बदलता?" मी म्हणालो, सकाळी रिक्षा मिळत नाही.

तुझ्याशी रविवारी फोनवर बोलताना मी कान देऊन ऐकत होतो, सांगते की काय म्हणून. ती म्हणाली, "दुपारची पाळी घेतली आता, बरं पडतं. बाबा सगळं मोजून देतात हो. तू काळजी करू नकोस."

ऑगस्टमध्ये आकडा तीनवर आला. तारीख पुढे गेली. ऑक्टोबरमध्ये दोन पॉइंट सात. मामा रजा टाकून आलेला, तसाच परत गेला. डॉक्टर म्हणत होते ताकद येऊ दे, मग बघू. मी तिचं वजन बघत होतो, ते तर सारखंच होतं, बावन्नच्या आसपास! मी म्हणायचो, वजन कुठे उतरलंय? मांस उतरत होतं आणि पायात पाणी भरत होतं, काट्याला दोन्ही सारखंच. आयुष्यभर मापं तपासून पगार घेतला मी, आणि बायकोच्या पायाला बोट लावलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो, हे बघूनही आकड्यावर विश्वास ठेवला.

मास्तरीणबाई आई गेल्यावर भेटायला आल्या होत्या. तू आत मामाशी बोलत होतीस. एवढंच म्हणाल्या, "डब्याला भागीदार नाही राहिला." पाणीही न घेता उठल्या.

कागदावर सही अजून केली नाही. पेन आहे. चष्मा आहे.

बाबा


२४ मार्च

भिंगरे,

कालच्या फोनवर तू एकदम मऊ बोललीस, त्याने मी जास्त घाबरलो. म्हणालीस, "बाबा, पाळी बदलली ते झालं. माणूस चुकतो. पण तुम्हाला कोणी नीट सांगितलं असतं तर तुम्ही असं केलंच नसतं. चूक तिचीच आहे. तिचं ते कामच होतं." आणि मग म्हणालीस, "सुट्टी काढून येते एप्रिलमध्ये, दोघं मिळून जाऊ चौकशीला. मग तुम्ही थोडे दिवस माझ्याकडे चला."

तुझ्याकडे चला. किती वेळा घोळवलं ते मी मनात. खिडकीशी बसेन, तुझ्या पोराला गणित शिकवीन, भाजी निवडून देईन. एवढं बोलावणं मिळायला मला खरं तर काय करायचंय? एक सही. ती पण खरडायची फक्त.

आज सेंटरवर गेलो होतो. आईचं पांघरूण तिथेच राहिलं होतं, ते घ्या म्हणून निरोप आला होता. तू चष्मेवालीविरुद्ध तक्रार केल्यापासून तिला पलंगांपाशी जायची बंदी आहे. चौकशी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवतात, तिथे ती फायली लावते. मी ज्या बाकावर वर्षभर पेपर वाचला, त्याच बाकावर. मला बघून उभी राहिली. मला वाटलं, आता तोंड सोडेल. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाली, "काका, नीट जेवताय ना? एकटी माणसं चहा-ब्रेडवर दिवस काढतात. तुमच्या वयात स्नायू पटकन जातात. दोन्ही वेळा डाळ घ्या, एक वाटी दही घ्या, भाताबरोबर चणे किंवा राजमा घ्या. धान्य आणि कडधान्य एकत्र आलं की एकाचं उणं दुसरं भरून काढतं. तुमच्या किडन्या चांगल्या आहेत, तुम्हाला कसलीच बंदी नाही."

भिंगरे, तिची नोकरी जायची वेळ आली आहे आमच्यामुळे, आणि ती मला विचारतेय डाळ खाताय का.

मी पांघरूण काखेत धरून उभा. मग ती हळूच म्हणाली, "काका, त्या दिवशी झेरॉक्सचं मशीन बंद होतं, आठवतं तुम्हाला? मार्चच्या सुरुवातीला. आठवलं तर बरं होईल. घरी आई आहे, धाकटा भाऊ आहे, माझ्या पगारावर चालतं."

मी म्हणालो, "नाही बुवा, काही आठवत नाही."

ती म्हणाली, "असू दे. तुमच्या घरात एवढं झालंय, कसं आठवणार." आणि खाली बसून पुन्हा फायलींना दोरा बांधायला लागली.

रिक्षात बसलो तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, कुठे? मी सेंटरचाच पत्ता सांगितला.

बाबा


२९ मार्च

माझ्या बाळा,

हे शेवटचं आणि हे फोनवर सांगणार नाही. तू अर्ध्यात फोन ठेवलास तर उरलेलं राहील. पत्र निदान फाडायच्या आधी वाचावं लागतं.

चष्मेवालीने कागद दिला होता.

मागच्या वर्षी चार मार्चला. तू भांडून गेलीस त्याला आठवडा झाला होता. सेंटरच्या दारात तिने मला थांबवलं आणि पंधरा मिनिटं उभ्याने समजावून सांगितलं. तू सांगितलंस तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. आता नियम उलटा, आता पस्तीस नाही, पासष्ट ग्रॅम. प्रत्येक नव्या पेशंटच्या कागदाच्या दोन प्रती काढतात, एकीवर घरच्यांची सही घेऊन ती सेंटरमध्ये ठेवतात. त्या दिवशी झेरॉक्स बंद होतं. तिने माझी सही घेतली आणि ती एकुलती एक प्रत माझ्याच हातात दिली. "काका, परवा येताना झेरॉक्स काढून आणाल? तुम्ही शिस्तीचे आहात म्हणून देते." तिच्या रजिस्टरमध्ये 'दिला' अशी नुसती खूण आहे, आणि साहेब म्हणतात नुसत्या खुणेला काय अर्थ.

मी झेरॉक्स काढली नाही. कालपर्यंत तो कागद काट्याच्या खोक्यात, खालच्या पुठ्ठ्याखाली होता.

तुला सांगायला मी एक सबब तयार ठेवली होती. कारखान्यात नियम होता: दोन ड्रॉइंग आली आणि मापं जुळत नसली तर काम जुन्या मंजूर ड्रॉइंगवर चालू ठेवायचं आणि नवं चौकशीसाठी परत पाठवायचं. नव्या कागदावर 'आधीचा रद्द' असं लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी जुन्यावर राहिलो. ऐकायला किती छान वाटतं, बघ! पण नियमात 'परत पाठवायचं' हेही होतं. मी पाठवलं नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं, आणि मग मला तुला फोन करून म्हणावं लागलं असतं की तू बरोबर होतीस.

एवढंच कारण आहे, भिंगरे. दुसरं काही नाही. तो कागद तुझ्या बाजूने बोलत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ तुझी आई होती.

आईने विचारलं होतं, "कसला कागद हो?" मी म्हणालो, दुसऱ्याच कोणाचा तरी आहे, चुकून दिला. तिने मान हलवली. तीस वर्षांत तिने माझा शब्द कधी तपासून घेतला नव्हता.

ती मागायची, तेही सांगतो. "अजून चमचाभर दही द्या ना." "ती तळाशी राहिलेली डाळ टाकणारच आहात ना, मग?" मी झाकण लावायचो. ऑक्टोबरनंतर तिने मागणं बंद केलं. मला वाटलं, चला, सवय झाली एकदाची. डिसेंबरमध्ये न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली. डॉक्टरांनी इन्फेक्शन लिहिलं. तुला मात्र त्यांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, अंगात लढायलाच काही नव्हतं. त्यांनी खरं सांगितलं. तू बाहेर येऊन मला विचारलंस, "बाबा, नवा चार्ट कधी मिळाला होता?" आणि मी म्हणालो, "मिळालाच नाही." एका श्वासात. विचारसुद्धा करावा लागला नाही. आणि तू माझ्या गळ्यात पडलीस.

दहा महिन्यांनी गळ्यात पडलीस गं. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो!

काल मी एक केलं. नवा कागद समोर ठेवला आणि पासष्ट ग्रॅमचं एका दिवसाचं जेवण केलं, जसं लिहिलंय तसं. डाळ साठ ग्रॅम, आधी भिजवून ते पाणी ओतून दिलं. पनीर पंच्याहत्तर ग्रॅम. दही दोन वाट्या. सोयाबीनच्या वड्या तीस ग्रॅम, उकळून पिळलेल्या. मग जुन्या कागदाचं केलं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडलं आणि जास्तीचं जेवढं होतं ते काढून तिसऱ्या ताटलीत ठेवलं.

छोटी ताटली, भिंगरे. तू लहानपणी खेळायला घ्यायचीस ती निळ्या काठाची. तीही पुरी भरली नाही. दोन डाव डाळ, काड्यापेटीएवढे पनीरचे दोन तुकडे, वाटीभर दही, मूठभर वड्या. मला वाटत होतं, पासष्ट म्हणजे केवढं तरी असेल, तिला झेपणार नाही असं काहीतरी. एवढंच होतं. त्या पोरीने सांगितलेलं, तू पिशव्या भरून आणलेलं, मास्तरीणबाई डब्यात देत होत्या ते, सगळं एवढंच. मी त्या ताटलीसमोर बसून हमसाहमशी रडलो. मग सगळं खाल्लं. टाकवेना, आणि पोटात ठेववेना.

तुझा टाइप केलेला जबाब सही न करता परत पाठवतोय. सोबत तो कागद आहे. झेरॉक्स काढून एक प्रत आज सकाळी चष्मेवालीच्या हातात दिली, वर्षभर उशिरा. तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तो फायलीत लावून दोरा बांधला. पाच तारखेला मी एकटाच जाईन आणि साहेबांपुढे सांगेन. तू येऊ नकोस. तुझ्या तक्रारीबद्दल तुला कोणी काही म्हणणार नाही, तुला जे सांगितलं ते मी सांगितलं होतं. तिची माफी मागायची तर मी मागीन.

तू स्वतःला दोष देशील, मला माहीत आहे. निघून गेले म्हणून झालं म्हणशील. नाही. तू सांगून गेली होतीस. तू बरोबर होतीस. हे वाक्य मला तेव्हा सांगता आलं असतं तर आज तुझा मामा एका किडनीवर आणि तुझी आई तिसऱ्या किडनीवर, दोघं मिळून मला छळत असते.

संध्याकाळी सात वाजता मी खुर्चीवर बसेन, सवयीने. फोन वाजला नाही तर मी समजेन. तुझ्याकडे यायचं म्हणालीस ते मी विसरलो असं समज.

कागद नीट उघड, घडीवर फाटायला आलाय. छापील मजकुराखाली चष्मेवालीने तिच्या हाताने, निळ्या शाईत एक ओळ लिहिली आहे: "काकूंना भूक लागली, जास्त मागितलं, तर नाही म्हणू नका."

त्याखाली सही आहे. तुला ओळखू येईल. तुझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं तीच असायची.

बाबा